गुडघा दुखतोय, पळू का थांबू? अंगाचं ऐकायचं म्हणजे काय, याचं जरा लांबलेलं उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की वय ४१, बँकेत बसून काम, बाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत रोज मेहनत होती, मग नोकरी, लग्न, बदल्या यात सगळं सुटलं. आता दोन महिन्यांपासून सकाळी रंकाळा तलावावर पळताय आणि संध्याकाळी घरी जोर-बैठका, कारण जुलैमध्ये पन्हाळा-पावनखिंड करायचंय. पहिल्याच आठवड्यात एका दमात ३०० बैठका मारल्या आणि चार दिवस जिना उतरता आला नाही. ते गेलं, पण आता उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, पळायला लागलं की दहा मिनिटांत कमी होतं म्हणून तुम्ही पळताय, जास्त वाटलं तर निघायच्या आधी गोळी घेताय. मित्र म्हणतात दुखल्याबिगर अंग कुठं बनतंय व्हय, आणि घरात वहिनी म्हणतात सगळं बंद करा. वर जो तो सांगतो "अंगाचं ऐका", पण नेमकं काय ऐकायचं हे कुणी सांगत नाही.

मी १९ वर्षं कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. पेठांमधले फुटबॉलवाले, तालमीतली पोरं, युनिव्हर्सिटीच्या आवारात पळणारे आणि गुडघा धरून येणाऱ्या काकू-मावश्या, सगळेच बघते. वडील माझे तालमीतले, त्यामुळं लाल माती आणि खुराक घरातच बघितलाय. तुमचा गुडघा हात लावून बघितल्याशिवाय मी निदान करणार नाही, ते योग्यही नाही, पण विचार कसा करायचा ते नक्की सांगू शकते.

मला यातली खरी अडचण वेगळी दिसते. तुम्ही अंगाचं ऐकतच नाही असं नाही हो, तुम्ही ऐकताय, फक्त ऐकायची वेळ चुकतीय. पळता पळता गुडघ्याला विचारताय "बरं वाटतंय का", तो हो म्हणतो आणि तुम्ही अजून एक चक्कर मारताय. त्याचं खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतं, तेव्हा तुम्ही ते "रात्रीचं आखडलंय" म्हणून सोडून देताय.

आधी दुखण्याबद्दलच बोलू. पेशंट आला की मी त्याला पहिलं विचारते, दुखतंय म्हणजे कसं दुखतंय ते आपल्या शब्दात सांगा. आपल्याकडं यासाठी इतके शब्द आहेत की निम्मं काम तिथंच होतं. रग, कळ, ठणका, चमक, आग, मुंग्या, अंग धरणं, यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो आणि आपण सगळ्याला मिळून "दुखतंय" म्हणतो, तिथंच घोळ होतो.

रग म्हणजे बैठका मारताना चाळिसाव्या-पन्नासाव्याला मांडीत जी भरून येते ती. दोन्ही मांड्यांत सारखी येते, मांसात येते, सांध्यात नाही, आणि थांबलात की मिनिट-दोन मिनिटांत उतरते. ही सोसायची. मित्र जे म्हणतात ना दुखल्याबिगर अंग बनत नाही, ते या रगेबद्दल बऱ्यापैकी खरं आहे, जरी प्रत्येक वेळी पार शेवटपर्यंत जायची गरज नसली तरी. फक्त ते इतर सगळ्या दुखण्यांना तेच वाक्य लावतात हे चुकतं.

अंग धरणं वेगळं. ते व्यायाम करताना होतच नाही, काही तासांनी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांच्या मधे सगळ्यात जास्त असतं, म्हणून तर पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जास्त हाल होतात. लोक म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलं, पण ते तर साधारण तासाभरात निघून गेलेलं असतं. खरं कारण म्हणजे सवय नसताना मांसाच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते, आणि ती सगळ्यात जास्त होते स्नायू ताणला जात असताना त्यानं वजन सावरायचं असतं तेव्हा. बैठकीत खाली जाताना मांडीचं नेमकं तेच काम असतं. हे आठवड्याच्या आत आपोआप जातं, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच बैठकांना अंग इतकं धरत नाही कारण स्नायू शिकलेला असतो. एवढ्यासाठी व्यायाम सोडायचा नाही, एक-दोन दिवस हलकं फिरायचं बस.

पण १९ वर्षांनी एकदम ३०० बैठका हे बरोबर झालं नाही दादा, आणि याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय कारण हे फारसं कुणाला माहीत नसतं. सवय नसताना असा अचानक मारा झाला तर कधी कधी स्नायू इतके फुटतात की त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि किडनीवर भार येतो. खूण म्हणजे मांड्या सुजून घट्ट होतात, प्रचंड दुखतं, ताकद जाते आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. असं दिसलं तर मलम नाही, शेक नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. तालमीतली पोरं हजार बैठका मारतात खरं, पण ती तिथं काही वर्षांत पोचलेली असतात, एका संध्याकाळी नाही.

आता कळ आणि चमक. सांध्याच्या आत एकदम सुरी लागल्यासारखं झालं, पाऊल टाकताना गुडघा सटकला, अडकला, किंवा सुजला, तर तिथंच थांबायचं आणि दाखवायचं. ठणका म्हणजे बसल्याजागी, झोपेत, काही न करता दुखणं, तेही दाखवायचं, विशेषतः रात्री जाग येत असेल तर. मुंग्या, बधिरपणा, कमरेतून पायात जाणारी सणक, ही नसेची भाषा, त्यावर जोर लावायचा नाही.

आणि एक दुखणं असं असतं की माणूस ते एका बोटानं दाखवतो. नडगीच्या हाडावर बोट ठेवून म्हणतो "इथं, बरोबर इथं". मांसाचं दुखणं माणूस तळव्यानं दाखवतो, सगळी मांडी चोळून. हाडावरचं एका बोटाचं दुखणं दिसलं की मी सावध होते, कारण ती हाडाची सुरुवातीची बारीक चीर असू शकते. हे मी माझ्यावरच शिकलेय. बत्तिसाव्या वर्षी एका शर्यतीची तयारी करताना नडगीवर रुपयाएवढ्या जागी दुखत होतं, मी सगळं जाणत असूनही तीन आठवडे पळत राहिले कारण नाव नोंदवलेलं होतं. शेवटी चालतानाही दुखायला लागलं, चीर निघाली आणि दोन महिने पळणं बंद. पहिल्या आठवड्यात थांबले असते तर बहुतेक त्याच्या निम्म्या वेळात निभावलं असतं. त्या तीन आठवड्यांची मला अजून रुखरुख आहे.

तर तुमचा गुडघा. वाटीच्या खाली दुखतं, सकाळी पहिली पावलं आखडल्यासारखी, पळायला लागलं की कमी, घरी येऊन बसलं की परत, आणि जिना उतरताना जास्त. हे जर तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड पट्ट्याचं, म्हणजे टेंडनचं दुखणं असायची शक्यता बरीच आहे. त्याचा स्वभावच असा, गरम झाला की गप्प बसतो. टाचेच्या वरच्या टेंडनचंही असंच असतं. म्हणून पळताना बरं वाटलं यावरून काहीच ठरत नाही, तुम्ही किती जास्त केलंत ते दुसऱ्या दिवशीच कळणार.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही स्वतःच्या अंगाचा. व्यायाम परत सुरू केला की दम पहिला वाढतो, दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. एकेकाळी मेहनत केलेली असेल तर स्नायूही लवकर जागे होतात, तालमीतला जुना पैलवान दोन महिन्यांत परत भरायला लागतो हे आपण बघतोच. पण टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याचं सगळं काम संथ, त्याला बळकट व्हायला महिनोन्महिने लागतात. म्हणजे तुमचा दम आणि मांड्या पुढं निघून गेल्या आणि गुडघ्याखालचा पट्टा मागं राहिला. डोक्यात हिशोब मात्र बाविसाव्या वर्षाचा चालू. इथं जिद्द कमी पडत नाही, उलट जिद्द असलेल्या माणसालाच हे जास्त होतं.

वहिनींचं म्हणणंही मी पूर्ण मान्य करणार नाही, त्यांची काळजी रास्त असली तरी. टेंडनला पूर्ण आराम दिला तर दुखणं थांबतं, पण तो अजून कमजोर होतो, आणि महिन्यानं परत पळायला गेलात की पहिल्याच आठवड्यात तिथंच येऊन थांबता. त्याला भार लागतोच, फक्त मोजून.

मोजायचं कसं, तर मी पेशंटना कालनिर्णय वापरायला सांगते, भिंतीवर असतंच. सकाळी उठलात, तोंड धुतलंत, की जिन्याची एक पायरी उजव्या पायावर भार ठेवून हळू उतरायची. रोज तीच पायरी, तीच वेळ. दुखणं शून्य ते दहा मधे किती, तो आकडा त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलनं लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होणार नाही. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं, माझ्या अनुभवात त्यानं नुकसान होत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आदल्या सकाळएवढा किंवा कमी पाहिजे. वाढला असेल तर काल जे केलं ते जास्त झालं, मग ते करताना कितीही झकास वाटलेलं असू दे. त्या दिवशी हलकं करायचं आणि पुढच्या वेळी थोडं कमी. दोन आठवड्यांत तुम्हाला स्वतःच दिसायला लागतं की बुधवारी जास्त पळलो की गुरुवारी चार, आणि शनिवारी नुसतं चाललो की रविवारी दोन.

आणि म्हणूनच ती गोळी. पळायच्या आधी पेनकिलर घेणं आजपासून बंद करा, हे मी हात जोडून सांगते. ज्याचं ऐकायचंय त्याचंच तोंड दाबून कसं चालेल? शिवाय घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात, पोटाचं वेगळंच. स्प्रे मारून मैदानात उतरणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगते, मॅचनंतर मारा, आधी नको.

तुमच्या जागी मी असते तर पहिले दोन आठवडे पळणं बंद ठेवून रंकाळ्याला भरभर चालले असते, एक दिवसाआड. पूर्ण खोल बैठका बंद. त्याऐवजी भिंतीला पाठ लावून अर्ध्यापर्यंत खाली सरकायचं आणि तिथंच ३० ते ४५ सेकंद थांबायचं, असं पाच वेळा, मधे दोन मिनिटं थांबून, दुखणं तीनच्या आत राहील एवढंच खाली जायचं. यानं बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं आणि भारही बसतो. सकाळचा आकडा खाली यायला लागला की मग अर्ध्या बैठका, खाली जाताना हळू, तीन-चार अंक मोजत, दहा-बारा अशा तीन फेऱ्या, आठवड्यात तीनदा. पळणं परत सुरू कराल ते पाच मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं असं. आठवड्याला दहा टक्केच वाढवा असं लोक सांगतात, मी तो आकडा पक्का मानत नाही, कुणाला पंधरा झेपतं कुणाला पाच पण नाही, आकडा सकाळी पायरीवर ठरतो. जोर मारा खुशाल, खांद्याला काही त्रास नसेल तर.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. वजन बरंच वाढलेलं असेल, आधी गुडघ्याला मार बसलेला असेल, पळताना बूट पाच वर्षांपूर्वीचे असतील, तर हिशोब बदलतो. शुगर असेल तर जास्तच बदलतो, कारण टेंडन भरून यायला वेळ लागतो, पायाच्या संवेदना कमी झालेल्या असू शकतात आणि काही वेळा हृदयाचं दुखणंही नीट जाणवत नाही. झोप आणि ताणही यातच धरायचा. मार्चएंडला रात्री नऊपर्यंत बँकेत बसून सकाळी पाचला पळायला गेलात तर तेच अंतर अंगाला दुप्पट पडतं.

वडिलांचे वस्ताद मेहनत सुरू करायच्या आधी प्रत्येक पोराचं तोंड बघायचे आणि दोनच गोष्टी विचारायचे, झोप लागली का आणि भूक हाय का. उत्तर बरोबर आलं नाही तर त्या दिवशी जोड, म्हणजे दुसऱ्याबरोबर कुस्ती नाही, नुसतं अंग मळून घे म्हणायचे. त्यांच्याकडं नाडी मोजणारं घड्याळ होतं ना पट्टा, पण विचारत होते ते अगदी बरोबर. तुम्हाला यात एक भर घालायची तर सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. रोज ६२-६४ असते आणि आज ७२ आहे, झोपही झाली नाही, तर आज दमानं घ्या. ताप असेल, अंग मोडून आलं असेल तर व्यायाम अजिबात नाही.

पळताना किती जोरात पळायचं हे मनगटावरच्या घड्याळावर सोडू नका. २२० मधून वय वजा करायचं हा हिशोब सरासरीचा आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तर नाडी चढतच नाही. साधी परीक्षा म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. वाक्य तुटायला लागलं, दोन शब्दांत धाप लागली, की वेग कमी. सुरुवातीचे दोन-तीन महिने बहुतेक दिवस बोलत बोलतच झाले पाहिजेत.

आता ज्याच्यासाठी दुसऱ्या सकाळची वाट बघायची नाही ते. वडील ५६ वर्षांचे होते, जोतिबाचा डोंगर पायी चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं, डाव्या खांद्यापर्यंत भरून यायचं, आणि दोन मिनिटं कठड्यावर बसले की जायचं. थांबलं की जातंय म्हणजे काही नाही, पित्त असेल, असं म्हणून त्यांनी तीन आठवडे काढले आणि आम्हाला सांगितलंच नाही. मांडीची रग थांबल्यावर जाते ते चांगलं लक्षण, पण छातीतलं, जबड्यातलं, खांद्यातलं दडपण चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं तेव्हा ते हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. आयुष्यभर अंगाची भाषा शिकलेल्या माणसाला हा एक शब्द कळला नाही. नशीब चांगलं, वेळेत अँजिओप्लास्टी झाली, आज ते रोज सकाळी चालतात. पण मी त्या तीन आठवड्यांचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून छातीत दडपण, नेहमीपेक्षा वेगळी धाप, भोवळ, गार घाम, ठोके वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही व्यायामात झालं तर तिथंच बसायचं, बरोबरच्याला सांगायचं. बसूनही गेलं नाही तर १०८ ला फोन. बसल्यावर गेलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. तुम्ही चाळिशी ओलांडलीय, तंबाखू, बीपी, शुगर किंवा घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल तर मोहिमेची तयारी वाढवायच्या आधी एकदा तपासून घ्या.

पावनखिंडीबद्दल. दोन दिवसांची चाल, पाऊस, मसाई पठारावरचा वारा, भातखाचरांतला चिखल, पाय घसरत राहणार. लोक चढाची तयारी करतात, पण चढताना लागतो दम आणि उतरताना लागतो गुडघा. तुमची तयारी पळण्यापेक्षा उताराची झाली पाहिजे. आकडा दोनच्या आत स्थिर झाला की आठवड्यातून एकदा जोतिबाला किंवा पन्हाळ्याला चढून हळूहळू उतरून या, पाठीवर सॅक आधी रिकामी मग थोडी भरून, हातात काठी घ्या, उतारावर गुडघ्याचा भार तिनं खरंच कमी होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी.

जुलैपर्यंत होईल का, हे आज मी सांगू शकत नाही. टेंडनला पूर्ण बरं व्हायला तीन महिने किंवा जास्तही लागतात, पण मोहीम करण्याइतपत काहींचं लवकर होतं. दोन आठवडे गोळी न घेता वर सांगितलं तसं करा, चौदा दिवसांचे आकडे मला कळवा, सोबत झोप किती झाली तेही लिहा. आकडे खाली येत असतील तर पुढच्या दोन आठवड्यांचं चालणं-पळणं मी लिहून देते. तिथंच अडकले असतील किंवा वर गेले असतील तर जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष गुडघा दाखवा, आणि जाताना कालनिर्णयचं ते पान बरोबर न्या.